कापसाच्या शेडमधली गाडी

१२ फेब्रुवारी २०२३

ओम्नी आली एकदाची. २००४ सालची, एमएच १९, मागचा दरवाजा सुतळीने बांधलेला. पारोळ्याहून अमळनेरपर्यंत टोचन लावून आणली, तर रस्त्यात जो तो विचारतो, "भंगारात का?" मी हो म्हटलं. अर्धं खरंच आहे ते. किंमत २६ हजार. त्यात बॅटरी नाही, स्टेपनी नाही, आणि पत्रा खालून पार गळालेला. पत्र्याशी मला घेणंदेणं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, मागचं हाउसिंग (मागच्या एक्सलचं घर), पुढचे नकल (पुढची चाकं धरणारे भाग), स्टिअरिंगचा रॅक, ब्रेक आणि वायरिंग, एवढ्यासाठी ती घेतली.

मारुती ८०० सोडून ओम्नी का, हा प्रश्न आत्तापासूनच सुरू झालाय. दोन्हींचं इंजिन एकाच घराण्यातलं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ओम्नीत सीटखाली गाडीच्या लांबीत बसतं आणि शाफ्टमधून मागची चाकं ढकलतं. मला करायचीय जुन्या लोटस सेव्हनच्या ढंगाची गाडी: उघडी, बुटकी, लांब नाकाची, दोन माणसांपुरती. पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना. जिप्सीही चालली असती, पण जिप्सीचं भंगारसुद्धा सोन्याच्या भावानं जातं.

लोटस सेव्हन कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढली. तेव्हा इंग्लंडात सुट्या भागांत घेतलेल्या गाडीला खरेदी कर लागत नसे. म्हणून लोक भाग घरी आणून गॅरेजात गाडी जोडायचे. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला, सवलत गेली, आणि त्याच वर्षी लोटसने ती गाडी केटरहॅम या कंपनीकडे सोपवली. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनेही त्याच धाटणीची रोडस्टर केली होती, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. मुळात हा सगळा खेळ पैसे वाचवायचा. फरक एवढाच की अमळनेरला किटचं खोकं येत नाही. जे लागेल ते कापायचं, जोडायचं, कानसीनं घासायचं.

माझं दुकान ग्रिल, शटर आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचं. म्हणजे निम्मं किट दुकानातच आहे, अशी मी घरी समजूत घातली आहे.

५ मार्च

काम सुरू करण्याआधी कायद्याचं बघून घेतलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याला धक्का लागेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. मग नवीनच गाडी म्हणून नोंदवली तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम आडवा येतो. नमुना गाडी पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून घ्यायची. ते कंपन्यांचं काम, ग्रिलवाल्याचं नाही. इंग्लंडात घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होऊन तिला नंबर मिळतो, तशी सोय इथे नाही.

तेव्हा ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. शेतात, विहिरीपासून बांधापर्यंत चालेल. कुठे न्यायची तर ट्रॉलीवर घालून. हे आजच पक्कं केलं, म्हणजे पुढे हेडलाइट आणि नंबरप्लेटवर उगाच जीव जडायला नको. ओम्नीची १५ वर्षांची मुदत तशीही २०१९ मध्येच संपलेली. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. मूळ मालकाची अर्जावर सही घेऊन ठेवली आहे.

दुकानावर येणारा प्रत्येक जण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या त्या छोट्या जीपची आठवण काढतो. ती भंगारातून बनवली होती आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. "तुलेबी बोलेरो भेटी." मी म्हणतो, बोलेरो घेऊन काय करू, हप्ते संपलेत कुठे दुकानाचे.

१९ मार्च

वेल्डिंग बंद. कारण कापूस.

मागच्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेनं यंदा खान्देशात कुणी कापूस विकलाच नाही. घरोघरी खोल्या भरलेल्या, माणसं ओसरीत झोपतात. आमची शेड आढ्यापर्यंत भरली आहे आणि भाव आठ हजारांच्या आसपास घुटमळतोय. आबा म्हणतात, थांबू. थांबायला माझी हरकत नाही, पण कापसाशेजारी ग्राइंडर चालवायचा म्हणजे एका ठिणगीत वर्षाची कमाई खाक. शिवाय घरभर अंगाला खाज. माय रोज आबांना विचारते, कापूस घरात ठेवायचा की आपण?

आज वहीत दोन याद्या केल्या. डाव्या पानावर पैशाची कामं, उजव्या पानावर हाताची. गाडी थांबवायची नसेल तर उजवं पान कधी रिकामं पडू द्यायचं नाही.

८ एप्रिल

उजव्या पानातलं पहिलं काम, ओम्नी उकलणं. अंगणात, लिंबाखाली, फक्त पान्यांनी. गॅस कटर नाही, ठिणगी नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डिझेल सोडायचं, सकाळी गोटी पाना लावून वर पाइपचा तुकडा चढवायचा. सुटतात बऱ्यापैकी. प्रत्येक जागेचे नटबोल्ट वेगळ्या पाकिटात. कापसाच्या बियाण्याची रिकामी पाकिटं घरात पडून होती. आत्ता ओळीने टांगली आहेत आणि त्यांच्यावर मार्करने "रॅक", "नकल डावा", "हाउसिंग" असं लिहिलंय. आतलं बियाणं कोणत्या कंपनीचं होतं हेही कळतं.

दरवाजे, काचा, सीटा, डॅशबोर्ड विकून ९,४०० परत आले. वायरिंग मात्र मी तारेचा एक तुकडाही न कापता अख्खं बाहेर काढलं. त्याला फार वेळ गेला. पण नवीन हार्नेसच्या किमतीत माझी महिन्याभराची वीज भरून होते.

२३ एप्रिल

काल आखाजी. बहिणी माहेरी आल्या, झोके बांधले, पुरणाचे मांडे झाले. जावई मंडळी लिंबाखाली ओम्नीच्या इंजिनाभोवती बसून पत्ते खेळली, तेवढाच त्याला मान. काम शून्य.

२८ मे

कापूस विकला. ७,१०० ने. आबा दोन दिवस बोलले नाहीत. आलेला पैसा विकास सोसायटीचं कर्ज आणि नव्या हंगामाचं बियाणं यांत गेला. माझ्या वाट्याला रिकामी शेड आली, आणि तिचीच मला गरज होती.

नळ्या आणल्या. २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी, १६ गेज, म्हणजे भिंत १.६ मिलिमीटर. वीस फुटी नळी सात किलोच्या आसपास भरते. भाव ७४ रुपये किलो. चार हजारांच्या वर बिल झालं, त्यातले निम्मे दुकानाच्या उधारीत चढवले.

११ जून

दिवसा शेडमध्ये थांबवत नाही. पत्रा तापून डोक्यावर तवा होतो. म्हणून पहाटे पाचला सुरू करतो आणि शेतीपंपांची लाइन यायच्या आत थांबतो, कारण पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि रॉड चिकटायला लागतो.

ट्रॉलीची दोन जुनी चॅनेल विटांवर ठेवून पाण्याच्या नळीनं लेव्हल केली. त्यांच्यावर प्लायवूड, आणि प्लायवर अख्ख्या आकाराचं रेखाटन. प्रत्येक तुकडा त्या रेषेवर ठेवायचा, कानशीनं टोकं जुळवायची, फट राहता कामा नये. मग नुसता टॅक, म्हणजे वेल्डिंगचा ठिपका. एक बाजू पूर्ण वेल्ड केली की नळी तिकडे ओढली जाते. सगळा सांगाडा टॅकवर उभा राहीपर्यंत पूर्ण टाका कुठेच घालायचा नाही. नंतरही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने. २.५ चा रॉड या जाडीला भोक पाडतो. २ मिलिमीटरचा ६०१३ रॉड आणि पन्नास-साठ अँपिअर. ग्रिलला कोण एवढं बघतं? पण ग्रिलचा टाका सुटला तर फार तर दांडी हलते. इथे तो टाका माझ्या मांडीखाली असणार.

कर्ण तारेनं मोजले. पुढच्या चौकटीत दोन मिलिमीटरचा फरक आहे. क्लॅम्प लावून ओढून घेतला आणि मगच पुढचा टॅक मारला.

१३ ऑगस्ट

भाचा शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या टीमने बाहा या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधली होती, त्यामुळे पिथमपूरच्या ट्रॅकच्या गोष्टी सांगून सांगून त्याने घर भंडावलं होतं. आता त्याचा उपयोग झाला. त्याने बांबूच्या चार काड्या रबराने बांधून चौकोन केला आणि आबांच्या हातात दिला. दाबला की तिरपा. मग एक आडवी काडी कर्णात घातली. "आता दाबा बरं." आबांनी जोर लावला, काडी मोडली पण आकार हलला नाही. सबंध फ्रेमचं शास्त्र एवढंच, म्हणाला, चौकोन दिसला की त्याचे त्रिकोण करा.

मग फ्रेमचा पीळ मोजला. मागची बाजू चॅनेलला घट्ट बांधली, पुढच्या टोकाला एक मीटरचा आडवा पाइप आणि त्याच्या टोकाला सरकी पेंडीचं ५० किलोचं पोतं. पाइपाचं टोक साडेदहा मिलिमीटर खाली गेलं. भाच्याच्या हिशेबाने फ्रेम एक अंश पिळायला आठशे न्यूटन-मीटर. कमी आहे. इंजिनाच्या जागेत वरून एक कर्ण वाढवला (काढता-घालता येईल असा, बोल्टचा, नाहीतर इंजिन आत कुठून घालणार) आणि शाफ्टच्या बोगद्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या नळ्या टाकल्या. पुन्हा तेच पोतं. सात मिलिमीटर. म्हणजे बाराशेच्या वर. उरलेला ताठपणा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केला की येईल.

सांगाडा कापूस मोजायच्या काट्याला टांगला. ५८ किलो. शेजारचे नाना म्हणाले, "एवढा तं मना नातू शे." नातू खरंच तेवढा आहे.

२८ ऑगस्ट

काल कानबाई बसली, आज विसर्जन. रोट झाले. पाऊस मात्र नाही. अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय. शेतात कापसाची वाढ खुंटली आणि दुकानात ग्रिलच्या ऑर्डरी. गावात शेतकऱ्याचा हात आखडला की पहिलं खिडक्यांचं काम पुढे ढकललं जातं.

१५ ऑक्टोबर

डावं पान बंद.

एका ठेकेदाराकडे ग्रिलच्या कामाचे पैसे उन्हाळ्यापासून अडकलेत. फोन उचलतो, गोड बोलतो, पैसे देत नाही. पाइपवाल्याची उधारी, मुलीची फी, दुकानाचा हप्ता, सगळं एकाच महिन्यात आलं. वेल्डिंग मशीन विकायचा विचार केला, तर आमच्या हिने वही पुढे ओढली आणि विचारलं, "यातली कोणती वस्तू बाजारात परत मिळते?" इंजिन मिळतं. गिअरबॉक्स मिळतो. फ्रेम मिळत नाही, मशीन गेलं तर रोटी जाते. "मग इंजिन विका." या घरात इंजिनिअर कोण, हा प्रश्न उरत नाही.

इंजिन १७ हजारांना ठरलं. घेणाऱ्याची स्वतःची ओम्नी धुळे रोडला भाड्याने चालते. गिअरबॉक्स ठेवून घेतला.

विकण्याआधी मात्र आठवडा मागून घेतला आणि इंजिनाचा पाइपचा सांगाडा बनवला. माउंटची भोकं, बेलहाउसिंगची तबकडी, इंजिनाखालच्या ऑइल-संपची खोली, कार्ब्युरेटरची उंची, एक्झॉस्ट कुठे बाहेर येतो, सगळं जागच्या जागी. आता इंजिन नसतानाही माउंट, बोगदा, स्टिअरिंगचा दांडा बसवून बघता येईल. वजन चार किलो. उजव्या पानावर बरीच कामं वाढली.

१० डिसेंबर

पेडल बॉक्स झाला. ओम्नीत माणूस चाकाच्या वर बसतो, पेडल वरून दाबतो. इथे पाय सरळ पुढे, म्हणून सगळं नवीन. ब्रेक पेडलचं प्रमाण पाचास एक ठेवलं. गाडी हलकी असल्याने बूस्टर लावणार नाही. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा आहे, एक फुटलं तर दुसरं राहतं. हे सगळं दुकानातल्या तुकड्यांतून, खर्च फक्त बुशांचा.

आणि एक चांगली बातमी. फेब्रुवारीत अमळनेरला मराठी साहित्य संमेलन आहे, ९७ वं. याआधी इथे झालं ते १९५२ मध्ये. गावात मांडव, स्टॉल, कमानी, रंगरंगोटी, ज्याला जे येतं त्याला काम आहे. मला स्टॉलच्या फ्रेमा आणि एका कमानीचा सांगाडा मिळालाय.

५ फेब्रुवारी २०२४

संमेलन काल संपलं. प्रताप कॉलेजच्या आवारात तीन दिवस पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या फ्रेमांवर पुस्तकं मांडलेली पाहिली. मुलीने गोष्टीची पुस्तकं घेतली. मी वाकून टाके बघत होतो, तर स्टॉलवाला म्हणाला, पुस्तक बघा ना. पैसे ठरल्याप्रमाणे रोख मिळाले. उधारी संपली, वर २३ हजार उरले.

३ मार्च

धुळ्याहून इंजिन आणलं. १४ हजार. एलपीजीवर चाललेल्या ओम्नीचं. तेव्हा व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) खाल्लेले असणार हे गृहीत धरूनच भाव पाडला. गॅस कोरडा जळतो, जुन्या इंजिनाच्या सीटना ते मानवत नाही. कॉम्प्रेशन घेतलं: पहिले दोन सिलिंडर दीडशे पीएसआय, तिसरा नव्वद. तिसऱ्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. म्हणजे रिंगा ठीक, गळती वर व्हॉल्व्हमध्ये. हेड उतरवला. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये पार रुतलेला. नवे सीट, ग्राइंडिंग, हेडची फेसिंग, गॅस्केट मिळून ५,६०० लागले.

इंजिन शेडमध्ये आणून त्या पाइपच्या सांगाड्याच्या जागी उतरवलं. चारही बोल्ट हातानं गेले. पैसे बुडवणारा ठेकेदार त्या क्षणी भेटला असता तर मी चहा पाजला असता. (आता नाही.)

१० एप्रिल

नाक आणि मडगार्ड फायबरचे. आकार काढायला मला जमेना, म्हणून गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या जिभाऊंकडे गेलो. त्यांचा हंगाम अजून लांब. थर्माकोलचा ठोकळा तारेनं कापला, वर पीओपीचा थर. माझं रेखाटन त्यांनी एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दोन्ही बाजू घोटत गेले, मोजपट्टी न लावता. मी नंतर मोजलं तर डाव्या-उजव्यात तीन मिलिमीटरचा फरक. मजुरी घेत नाही म्हणाले. मूर्ती वाळवायला अँगलची मांडणी करून पाहिजे, ती करून दिली. गेलं वर्षभर मी असंच बघतोय, अदलाबदलीचा व्यवहार उधारीपेक्षा लवकर फिटतो.

१९ मे

फायबरचं काम खान्देशातल्या मे महिन्यात करायचं म्हणजे घड्याळ हातात घेऊनच. मतदान १३ तारखेला झालं, गाव शांत झालं, पारा ४४ वर.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून नीट ढवळायचं आणि अगदी वापरायच्या वेळी हार्डनर, शेकडा एक-दोन. या दोन बाटल्या एकमेकींच्या जवळही ठेवू नयेत. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होतो. मी एक शेडमध्ये ठेवतो, दुसरी घराच्या मागच्या कोनाड्यात, आणि मुलीला दोन्हींकडे फिरकू देत नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, तेव्हा चष्म्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

दुपारी एक टक्का हार्डनर घातला तरी माल पाच-सात मिनिटांत पाक धरल्यासारखा घट्ट होतो आणि हाताला चटका बसतो. पहाटे चारला, २८-२९ अंशांत, तोच माल वीस मिनिटं ब्रशखाली राहतो. म्हणून सगळे थर पहाटे. जिभाऊंच्या आकारावरून काढलेल्या साच्याला मेणपॉलिश, त्यावर पीव्हीएचा पातळ थर, मग जेलकोट, मग ४५० ग्रॅमची मॅट दोन थर, कडांना तीन. रोलरने हवा काढायची, विशेषतः नाकाच्या वळणात, तिथे बुडबुडा राहिला की नंतर अंगठ्यानं फुटतो. थोडा थोडा माल कालवायचा. मोठा डबा कालवला तर स्वतःच्या उष्णतेनेच पेटायला बघतो.

नाक आज साच्यातून सुटलं. लाकडी पाचर आणि पाणी सोडून, टकटक करत. आतली बाजू खडबडीत, बाहेरची आरशासारखी. माय म्हणाली, एवढ्या चकचकीत पातेल्यात काय शिजवणार?

१८ ऑगस्ट

कानबाई झाली, पाऊस यंदा बरा आहे. पुढचं सस्पेन्शन.

ओम्नीचा नकल दोन बोल्टांनी उभ्या शॉकअपला धरलेला असतो. मला वर-खाली दोन त्रिकोणी आर्म पाहिजेत. म्हणून त्याच दोन बोल्टांच्या जागी ८ मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट, आणि त्यात वरचा बॉल जॉइंट. जॉइंटचं घर ईएन-८ स्टीलमधून लेथवर कातून घेतलं. लेथवाल्यालाही शटर दुरुस्त करून दिलं, व्यवहार तिथेच मिटला.

रॅकची जागा हे खरं डोकेफोडीचं काम. रॅकचे आतले सांधे आर्मच्या बिजागऱ्यांच्या रेषेत नसतील तर चाक खड्ड्यात वर-खाली होताना आपोआप वळतं, स्टिअरिंगला हात न लावता. ते बघायला शॉकअप काढला, चाकाच्या डिस्कला लेझर पॉइंटर बांधला आणि समोरच्या भिंतीवर कागद. जॅकने चाक वर-खाली केलं की ठिपका सरळ उभा चढायला हवा. आधी तो खालच्या बाजूला कोयतीसारखा वळत होता. रॅकखाली पातळ पट्ट्या घालत गेलो, सहा मिलिमीटर उचलल्यावर रेष सरळ झाली. खर्च शून्य, संध्याकाळी अंधारात करायचं काम. मुलीला ते फार आवडलं, तिने कागदावरचे ठिपके जोडले.

२२ सप्टेंबर

शाफ्ट कापून लहान केला. यात बघायचं एवढंच की दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एकाच पातळीत राहिले पाहिजेत. थोडे फिरले तर थरथर कायमची. कापण्याआधी दोन्हीकडे एका रेषेत छिन्नीची खूण केली, वेल्डनंतर डायल गेजवर फिरवला आणि शेवटचं बॅलन्सिंग जळगावला करून घेतलं. क्रॉस दोन्ही नवे. २,९००.

मागचे पाटे काढून टाकले. ते भरलेल्या व्हॅनसाठी, या गाडीला ते दगड. त्यांच्या जागी चार दांड्या, एक आडवी दांडी आणि स्प्रिंगचे शॉकअप. इंजिन सोडलं तर हेच यंदाचं सगळ्यात मोठं बिल, ११,२००. त्यासाठी दोन महिने डावं पान मिटलेलं होतं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. दुकानातल्या हत्यारांची पूजा झाली, आणि आबांनी आपणहून इंजिनाला हार घातला. संध्याकाळी पेट्रोल सोडलं, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी १-३-२ च्या क्रमाने पुन्हा तपासल्या, सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चढायला वेळ लागला, मग पकडलं. सायलेन्सर नव्हता. गल्लीतली कुत्री नदीकडे पळाली.

पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या फार जवळून जाते. आत्ता चालेल, एप्रिलमध्ये नळीतच वाफ धरेल. दुसऱ्या बाजूने न्यायची, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा.

२९ डिसेंबर

गाडी ट्रॉलीवर घालून जिनिंगच्या भुईकाट्यावर नेली. ५३० किलो. ओम्नी रिकामी पावणेआठशेच्या वर. काट्यावरच्या माणसाने पावतीवर मालाच्या रकान्यात "कापूस" लिहिलं, सवयीने.

मग शेतात. वेचणी झालेल्या वावराच्या कडेने आबांनी ट्रॅक्टरने पट्टा सारखा करून ठेवला होता, तीनशे मीटर असेल. आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात. तिसऱ्यात गेल्यावर डोळ्यांत माती. काच लावायची की चष्मा घालायचा, ते चष्म्यावर भागवलं. इंजिनाची ताकद जेमतेम पस्तीस-छत्तीस घोड्यांची. पण ओढायला ओम्नीच्या दोन तृतीयांश वजन, त्यामुळे उचलते चांगली. बसायची जागा जमिनीपासून वीतभर, चाळीसचा वेगही ऐंशीचा वाटतो.

ब्रेक: जोरात दाबला की मागची चाकं आधी धरतात आणि शेपूट फिरते. ओम्नीचे मागचे ड्रम मालाच्या वजनासाठी, ते वजन आता नाही. मागच्या लाइनला जोर कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल, ३,८०० ला सांगतात. तो डाव्या पानावर. तोवर मागचे शू ढिले करून पाहायचं ठरवलं होतं, पण भाच्याने फोनवर स्पष्ट नाही म्हटलं. ढिले शू म्हणजे नुसतं पेडल लांब जातं, प्रमाण तेच राहतं. बरोबर आहे. तेव्हा व्हॉल्व्ह येईपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, आणि मुलीला शेजारी बसवायचं नाही. ती रुसली आहे.

आजवरचा खर्च, विकलेलं वजा करून, ७८ हजारांच्या घरात. दोन वर्षांच्या आत-बाहेर.

अडकलेल्या पैशांपैकी निम्मे ठेकेदाराने परवा दिले, उरलेल्यासाठी मार्चचा वायदा. त्यातून व्हॉल्व्ह घेईन म्हटलं, तर आबांनी वेगळीच मागणी पुढे केली. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या नळीवर पाय ठेवून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हिले मांगे हूक लाव. फवारानी टाकी ओढाई जाई." मी म्हटलं, आबा, ही शर्यतीच्या ढंगाची गाडी आहे. "मंग शर्यत कोनसंगे शे तुनी?" मागच्या आडव्या नळीला १६ गेज पुरणार नाही, आतून ३ मिलिमीटरची पट्टी लावावी लागेल. पट्टीचा तुकडा दुकानात पडलेला आहे. उजव्या पानावर लिहून ठेवलं.